खांडसहून भीमाशंकर: कोकणातल्या यात्रेकरूंची जुनी वाट कशी चालावी

भीमाशंकरला आपण जातो ते बहुधा मंचर-घोडेगावच्या रस्त्याने. गाडी वाहनतळावर लावायची, दोनशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या, रांगेत उभं राहायचं आणि धापा टाकत परत वर यायचं. गाडीवाल्यांसाठी हा देव खाली आहे. कोकणातल्या माणसासाठी मात्र तो डोक्यावर, कड्याच्या पलीकडे. कर्जत तालुक्यातल्या खांडस गावात सकाळी अंगणात उभं राहिलं की पूर्वेला सह्याद्रीची भिंत दिसते आणि देव तिच्या माथ्यापल्याड. महाशिवरात्रीला आणि श्रावणात इथली माणसं पिढ्यान् पिढ्या पायीच वर जात आली. ती वाट अजून आहे, मळलेली आहे आणि धडधाकट माणसाला एका दिवसात चालून होते. पुण्या-मुंबईहून बसने देवदर्शन करून येणाऱ्या बहुतेकांना मात्र तिचा पत्ताच नसतो.

ट्रेक करणाऱ्यांना खांडस ठाऊक असतं, पण ते बहुतेक शिडी घाटामुळे. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या वाटेबद्दल, गणेश घाटाबद्दल. यात्रेकरूंची खरी वाट तीच, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तीच धरावी असं माझं ठाम मत आहे. कारण पुढे येईलच.

आधी डोंगर समजून घ्या

ही चढण सलग नाही. साधारण 800 ते 900 मीटरची उंची गाठायची असते, ती दोन टप्प्यांत. खालच्या खोऱ्यातून पहिला चढ चढला की मध्येच एक रुंद, झाडीने भरलेली सपाटी लागते आणि तिच्या पाठीमागून दुसरा कडा उठतो. या मधल्या सपाटीला आपल्याकडे ‘पदर’ म्हणतात. लुगड्याचा पदर जसा आडवा पडतो तसा डोंगराच्या कमरेशी आडवा पसरलेला. वाटेत लागणारी पदरवाडी आणि पदरगड या दोघांच्या नावात तोच पदर आहे. हे नाव लक्षात ठेवलंत तर अर्धी वाट कळली. सगळा हिशेब पदराचा. पदरावर किती वाजता पोचलात, पाणी किती उरलंय, पाय कसे आहेत, यावरून पुढचं ठरवायचं.

पदरगड हा मोठा किल्ला नव्हे. या वाटांवर नजर ठेवायला उभारलेला छोटा, अवघड पहारेकरी. त्याच्या माथ्यावरचे सुळके खालूनही ओळखू येतात, आणि धुकं नसेल तर दिवसभर दिशा सांगायचं काम तेच करतात. मीठ, भात, गुरं आणि यात्रेकरू ज्या वाटांनी कोकणातून घाटमाथ्यावर जायचे, त्यांच्या तोंडाशी असे टेहळणीचे गड सह्याद्रीत जागोजाग आहेत. याच खोऱ्यातला पेठचा कोथळीगडही त्याच पठडीतला.

कधी जावं

भर पावसात जाऊ नका. फोटो त्याच दिवसांतले असतात, ठाऊक आहे. पण गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात वन विभागाने खांडसहून चढणाऱ्या वाटा सप्टेंबरअखेरपर्यंत बंद ठेवण्याचे आदेश काढले आहेत, आणि त्यामागे कारण आहे. ओढे तासाभरात भरतात, कड्यावरून दगड सुटतात आणि धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. पावसाळ्यात जायचंच असेल तर त्या वर्षीचा आदेश काय आहे ते वन विभागाकडे किंवा खांडसमध्ये विचारून घ्या, आणि बंदी असेल तर गुपचूप परत फिरा. मंदिराच्या आवारात बांधकामं किंवा डागडुजी चालू असली की दर्शनाच्या वेळाही बदलतात, तेव्हा तीही चौकशी करून निघा.

माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ते नोव्हेंबर. खोरं अजून हिरवंगार असतं, भातखाचरं पिवळी पडायला लागलेली असतात, ओढ्यांना पाणी असतं पण ते वाट अडवत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उतारांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग उरलेला सापडतो. कारवीचं झुडूप मात्र दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांतून एकदा सगळं रान एकदम जांभळं होतं, ते तुमच्या वाट्याला आलं तर नशीब.

डिसेंबर-जानेवारीत चालायला सुख असतं, पण हिरवाई उतरणीला लागते. फेब्रुवारीनंतर ओढे आटतात. महाशिवरात्रीला वाटेवर माणसं असतात, रात्रीही असतात, आणि एकट्यादुकट्याला सोबत मिळते. गर्दी चालत असेल तर तो दिवस जरूर निवडा. एप्रिल-मे विसरा.

पोचायचं कसं

मध्य रेल्वेने कर्जत किंवा नेरळ. तिथून कशेळेमार्गे खांडस. कर्जतहून एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या, म्हणून बहुतेक जण कशेळ्यापर्यंत टमटमने आणि तिथून दुसरी टमटम किंवा खासगी गाडी करतात. पहाटे चालायला लागायचं तर आदल्या संध्याकाळीच खांडसमध्ये पोचायला हवं. गावात घरगुती जेवण आणि झोपायला पडवी मिळते. आधी फोन करून ठेवलात तर बरं, कारण शनिवारी ट्रेकचे गट येऊन सगळ्या पडव्या भरलेल्या असतात.

जेवताना यजमानांना दोन गोष्टी विचारा. गणेश घाटाची वाट सध्या साफ आहे का, आणि पदरावरच्या वाडीत चहा-पाण्याची सोय चालू आहे का. या दोन उत्तरांवर पिशवीत काय भरायचं ते ठरतं. पहिल्यांदाच जात असाल तर गावातलाच वाटाड्या घ्या. तो पुढे चालतो म्हणून वाट चुकत नाही, हे झालंच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुठल्या झाडाखाली थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही, हे त्याला माहीत असतं.

पिशवीत काय

पाणी माणशी किमान 3 लिटर. बुटांना पकड हवी. सपाट तळव्याचे शहरी बूट दुसऱ्या चढावर दगा देतात. विजेरी, शिट्टी, मीठ-साखर किंवा ओआरएसची पाकिटं, एक चिकटपट्टी आणि क्रेपचं बँडेज. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण रेंज वाटेत येते-जाते. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाजकुइलीच्या शेंगा पिकलेल्या असतात आणि त्यांची मखमली कुसं अंगाला लागली की पुढचा तास कसा जातो ते मी अनुभवलंय. पाण्याने चोळू नका, कुसं पसरतात. चिकटपट्टी त्वचेवर दाबून ओढून काढा, मग धुवा. चिकटपट्टी यादीत आहे ती याचसाठी.

देवळात जायला एक कोरडा सदरा वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. खाण्याला भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी. केळी वरच्या कप्प्यात, नाहीतर पदरावर पोचेपर्यंत त्यांचं शिकरण होतं.

पहिला चढ: खांडस ते पदर

पहाटे साडेपाच-सहाला निघा. गावातून रस्त्यानेच पुढे जायचं. साधारण दीड किलोमीटरवर एक पूल लागतो. निर्णय इथे होतो. डावीकडची वाट शिडी घाटाला, उजवीकडची गणेश घाटाला. अंधारात गप्पा मारत लोक हमखास डावीकडे वळतात, कारण पुढच्या गटाच्या विजेऱ्या तिकडे दिसतात. तुम्ही उजवीकडेच जा.

शिडी घाट का नको? ती वाट आखूड आहे, तासभर वाचतो, आणि म्हणून मोहात पाडते. पण तिच्यावर कड्याला टेकवलेल्या लोखंडी शिड्या आहेत, त्यांच्या मध्ये उघड्या कातळावरून आडवं जायचं असतं आणि खाली घसरलात तर अडवायला काही नाही. तिथे अपघात झालेले आहेत. अनुभवी लोकांनी कोरड्या दिवसांत जाणं वेगळं. पण ज्या वाटेने म्हातारी माणसं आणि डोक्यावर बोचकं घेतलेल्या बाया देवाला जात, ती शिड्यांची कशी असेल? देवाला जायची वाट म्हणून चालायचं असेल तर गणेश घाटच.

उजवीकडे वळल्यावर बराच वेळ वाट रुंद आणि आरामाची आहे. उजाडता उजाडता दोन्ही बाजूंना खाचरं, मग माळ, मग झाडी. घाई करू नका, इथे श्वास जुळवून घ्यायचा. नंतर वाट वळणं घेत चढू लागते आणि एका सोंडेवर गणपतीचं छोटं देऊळ येतं. घाटाला नाव मिळालं ते याच्यावरून. पहिली विश्रांती इथे, दहा मिनिटं. बूट सोडून पायांचा अंदाज घ्या. टाच जळजळत असेल तर चिकटपट्टी आत्ताच लावा, फोड आल्यावर नव्हे.

देवळापासून पुढे वाट पदरगडाच्या अंगाने वळसा घेते. चढ कमी, पण फसवा भाग हाच. इथून गुरांच्या वाटा फुटतात. एकदा धुक्यात मी अशाच एका ढोरवाटेला लागलो. वाट चांगली रुंद, शेणही ताजं, तेव्हा मनात शंका नाही. वीस मिनिटांनी वरून आवाज आला, “ए बाबा, कुठं निघालास? तिकडं नुसतं गवत हाय!” गवताचा भारा बांधत एक मावशी उभी होती. तिने हाताने दाखवलेली वाट माझ्या डोक्यावर तीस-चाळीस फुटांवर होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाहतो. ढोरवाट अनेक फाट्यांत विस्कटते, माणसांची वाट एकच राहते. गुरं चाऱ्यासाठी उताराला आडवी हिंडतात आणि त्यांची वाट शेवटी गवतात विरून जाते. माणसांच्या वाटेवर मोक्याच्या ठिकाणी झिजून गुळगुळीत झालेले दगड असतात, शेकडो पावलांनी पॉलिश केल्यासारखे. असे दगड पंधरा-वीस मिनिटांत एकदाही दिसले नाहीत तर थांबा. पुढे शोधू नका. जिथे शेवटचा झिजलेला दगड दिसला होता तिथपर्यंत मागे या. कुणी रंगवलेले बाण आणि दगडांच्या लगोऱ्याही दिसतील. बाणांवर भरवसा ठेवा, लगोऱ्यांवर थोडा कमी. मुलं गंमत म्हणूनही रचतात.

पदर

नऊ-साडेनऊपर्यंत पदरावर आलात तर वेळ छान चालली आहे. अकरा वाजले असतील तर स्वतःशी खरं बोला. कोण लंगडतंय, पाणी किती उरलंय, ढग कुठे आहेत. परत फिरायची शेवटची सोपी जागा हीच आहे. इथून खाली उतरणं म्हणजे तीन तास. दुसऱ्या चढाच्या मध्यातून उतरणं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा आणि अंधाराची भीती.

शिडी घाटाची वाटही पदरवाडीजवळ येऊन मिळते. वाडीच्या परिसरात एखाद्या झोपडीत चहा, लिंबू सरबत, कधी पोहे मिळतात. बसून प्या, चार शब्द बोला. वरच्या जंगलातल्या वाटेची ताजी खबर इथेच मिळते. पाण्याच्या बाटल्याही इथेच विचारून भरा. विहिरीचं पाणी वाडीचं आहे, उन्हाळ्याकडे ते कमी होतं, तेव्हा हातपाय धुवायला वापरू नका.

इथून तुम्ही भीमाशंकर अभयारण्यात आहात, असं मनात धरूनच चाला. 1985 मध्ये जाहीर झालेलं हे सुमारे 130 चौरस किलोमीटरचं रान पुणे, रायगड आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय. देवाच्या नावाने राखलेल्या रायांमुळे इथली झाडी फार पूर्वीपासून टिकली. जांभूळ, आंबा, अंजनी, हिरडा. बाळहिरडा गोळा करून विकणं हा इथल्या आदिवासी कुटुंबांचा मोठा आधार आहे, म्हणून झाडाखाली कापड अंथरलेलं किंवा हिरडा वाळत घातलेला दिसला तर त्यावरून चालू नका.

दुसरा चढ: जंगलातून माथ्यावर

पदराच्या सपाट झाडीतून वाट आत जाते आणि एकदम गार होतं. शेकरू दिसायचं तर इथे. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी म्हणजे तांबूस-तपकिरी पाठीची, लांब झुपकेदार शेपटीची मोठी खार. आधी कानाने शोधा. कुणीतरी वर खुळखुळा हलवल्यासारखा चिर्रचिर्र आवाज येतो. मग मान वर करून फांद्यांच्या टोकांशी पाहा, काटक्या-पानांचं फुटबॉलएवढं घरटं दिसेल. एकाच शेकराची अशी बरीच घरटी असतात, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक घरी असेलच असं नाही. खायला काहीही टाकू नका. पावसाळ्याच्या रात्री या रानात कुजलेल्या फांद्यांवरची बुरशी हिरवट उजेडाने चमकते. ते पाहायचं असेल तर वरच्या बाजूने, वन विभागाची परवानगी असेल तेव्हा आणि माहीतगाराबरोबरच.

झाडी विरळ झाली की खरा चढ सुरू होतो. दीड-दोन तासांचा, वळणावळणाचा, शेवटी बराच दगडांतून. इथे माझी पद्धत साधी आहे. वीस मिनिटं चालायचं, तीन मिनिटं उभ्याने थांबायचं. बसायचं नाही, बसलं की मांड्या आखडतात. सगळ्यात हळू माणूस सगळ्यात पुढे. त्याच्या चालीने सगळा गट वर येतो. मागे राहिलेल्याला गाठायला कुणी थांबलं, तर तो पोचेपर्यंत बाकीचे ताजेतवाने होऊन निघतात आणि त्या बिचाऱ्याला विश्रांतीच मिळत नाही.

दगड पकडताना हात ठेवायच्या जागी आधी डोळे ठेवा. पावसानंतर हिरव्या चापड्यासारखे साप झुडपांत अंग चोरून बसलेले असतात. ते अंगावर येत नाहीत, हात त्यांच्यावर पडतो. कड्यांच्या बाजूला आग्यामाश्यांची पोळी असू शकतात, म्हणून अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. सापाचा दंश झालाच तर धावपळ न करता हातपाय स्थिर ठेवून माणसाला उचलून न्यायचं. पदराच्या खाली असाल तर कशेळ्याच्या नाहीतर कर्जतच्या सरकारी रुग्णालयाकडे, माथ्याजवळ असाल तर वर चढून घोडेगाव-मंचरकडे. रेंज मिळाली तर 112.

शेवटच्या दगडांतून डोकं वर काढलं की वारा बदलतो. वाट एका तळ्याजवळ माथ्यावर येते, आणि खालच्या खोऱ्यात सकाळपासून पाठीवर घेतलेलं ऊन इथे एकदम हलकं वाटतं. तुम्ही पाणलोटाच्या धारेवर उभे आहात. मागच्या उतारावर पडलेला पाऊस कोकणातून अरबी समुद्राला जातो. इथे उगम पावणारी भीमा मात्र पंढरपूरला चंद्रभागा होऊन, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे.

देऊळ आणि परतीचं गणित

बाराच्या सुमाराला वर आलात तर लगेच रांगेत उभे राहू नका. दुपारच्या पूजेसाठी गाभारा काही वेळ बंद असतो आणि घामाने भिजलेल्या अंगावर थंडी भरते. आधी खा, सदरा बदला. माकडं पिशव्या ओढतात, म्हणून खाणं उघड्यावर धरून बसू नका.

देवळाचा सभामंडप आणि शिखर नाना फडणवीसांच्या काळातलं, म्हणजे अठराव्या शतकातलं. आवारात एक मोठी युरोपीय घडणीची घंटा आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेल्या घंटांपैकी ही एक असं सांगतात. दर्शन झाल्यावर तिच्यापाशी थोडं थांबा. एवढं धूड कुठल्या घाटाने, किती जणांच्या खांद्यावरून वर चढवलं असेल, हा प्रश्न पोटऱ्या दुखत असताना फार जवळचा वाटतो.

वेळ उरला तर नागफणीला जा. तिथल्या कड्यावरून तुमची अख्खी वाट खाली पडलेली दिसते. पदरगडाचे सुळके, पदराची झाडी, तिच्या खाली खांडसचं खोरं. कड्याच्या काठावर वाऱ्याचा जोर असतो, तेव्हा लेकरांना हाताशी धरा.

परत त्याच वाटेने उतरायचं असेल तर दुपारी एकच्या आत माथा सोडा, एकच्या पुढे नाही. चढताना साथ देणारे गुडघे उतरताना कुरकुरतात आणि पदराच्या खालची झाडी संध्याकाळी लवकर काळोखते. जंगलात बिबटे आहेत. ते माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत, पण रात्रीची वाट त्यांची, आपली नाही. मी स्वतः उतरत नाही. वर मुक्काम करतो, नाहीतर मंचरमार्गे पुण्याची एसटी धरतो. शेवटची गाडी कितीला आहे ते वर आल्या आल्या थांब्यावर विचारा, दर्शनानंतर नाही. रविवारी संध्याकाळी उभं राहून जायची तयारी ठेवा.

बसमध्ये जागा मिळाली तर एक मोह टाळा. डिंभे धरणाचं पाणी खिडकीतून दिसू लागलं की सगळे बूट काढून पाय मोकळे करतात. तुम्ही नुसत्या नाड्या सैल करा. दिवसभराचे सुजलेले पाय मंचरला उतरताना परत बुटांत शिरत नाहीत, आणि मग पुढची गाडी गाठायला बूट हातात घेऊन फलाटावर अनवाणी पळावं लागतं.